अक्षरं घासू नका, उजेड तिरपा पाडा
वाचकांचे प्रश्न : जुन्या दफनभूमी, समाध्या आणि स्मृतिशिळा

गेल्या अंकात जुन्या दफनभूमींमधल्या दगडांवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेते. बहुतेक पत्रांत एकच ओढ दिसते: आपल्या माणसाचा दगड काळवंडलाय, वाकलाय, वाचता येत नाही, काहीतरी करायला हवं. ही ओढ मला फार मोलाची वाटते, आणि म्हणूनच आधी एक गोष्ट सांगते. दगडांच्या जतनाच्या कामात मला जे दगड सर्वांत बिकट अवस्थेत भेटतात, ते बहुधा कुणीतरी मायेनं घासून काढलेले असतात. तेव्हा बादली-ब्रश हातात घेण्याआधी हे वाचा.

प्रश्न : ताई, मी अश्दोदला राहते. आजोबा तरुणपणी इस्रायलला आले, पण त्यांचे वडील अलिबागजवळच्या आमच्या बेने इस्रायली दफनभूमीत आहेत. दगडावर वर हिब्रू, खाली मराठी मजकूर आहे. निम्मी अक्षरं लागत नाहीत. तिथल्या ओळखीच्या गृहस्थांनी दोन पर्याय सुचवलेत: हीच अक्षरं पुन्हा खोल कोरून काळा रंग भरायचा, नाहीतर जुना दगड काढून काळ्या ग्रॅनाइटचा नवा बसवायचा. कोणता निवडू?

उत्तर : दोन्ही नको. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्यासारख्या शिळा रायगड जिल्ह्यात गावोगाव आहेत आणि त्यांच्याकडे बघणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

इतर वाचकांसाठी थोडं मागचं. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना तिथेच मूठमाती दिली गेली. पुढे ही मंडळी कोकणातल्या गावांत तेल गाळू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. गावांवरून आडनावं पडली आणि बोली मराठीच झाली. १९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. अलिबागेत इस्रायल आळी आहे, प्रार्थनास्थळ आहे, पण दफनभूमीत नातवंडं-पतवंडं फिरकायची म्हणजे विमानानं यावं लागतं. त्यामुळे एकाच दगडावर हिब्रू आणि देवनागरी शेजारी शेजारी नांदताना दिसतात, ते दगड हाच कित्येक घरांचा उरलेला कागद आहे.

आता पुन्हा कोरण्याविषयी. आपला पाथरवट कितीही कसबी असला तरी त्याला हिब्रू येत नाही. तो दिसेल ती रेघ खोल करणार. हिब्रूत ‘दालेत’ आणि ‘रेश’ या अक्षरांत फरक आहे तो वरच्या उजव्या कोपऱ्याचा, ‘हे’ आणि ‘खेत’ या अक्षरांत फरक आहे तो एका बारीक फटीचा. आणि हिब्रूत अक्षरं हेच आकडे: ‘दालेत’ म्हणजे ४ आणि ‘रेश’ म्हणजे २००, ‘हे’ म्हणजे ५ आणि ‘खेत’ म्हणजे ८. कोपरा जरा गोल झाला की मृत्यूचं सालच बदललं. झिजलेलं अक्षर आज ना उद्या कुणीतरी वाचू शकेल, पण चुकीचं खोल कोरलेलं अक्षर कायमचं खोटं बोलत राहील. रंगाचंही तेच. तैलरंग दगडाच्या छिद्रांत जातो, दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे धरतो, आणि तो काढताना अक्षराच्या कडाही निघतात.

वाचण्यासाठी दगडाला काहीच लावावं लागत नाही. संध्याकाळी उजेड उतरला की बॅटरी दगडाच्या बाजूला, जवळजवळ त्याला टेकवून धरायची, म्हणजे उजेड तिरपा सरपटत जातो आणि कोरीव रेघेत सावली पडते. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून असे फोटो घ्यायचे. कॅमेरा मात्र समोरच, हलवायचा नाही. दिवसा करायचं तर एकानं छत्रीनं दगडावर सावली धरावी आणि दुसऱ्यानं आरशानं ऊन बाजूनं फेकावं. खडू, पीठ, टाल्कम पावडर, दाढीचा फेस यांतलं काही चोळायचं नाही. ते छिद्रांत राहतं आणि त्यावर बुरशी पोसते.

सालाचा हिशेब असा. हिब्रू वर्षातले हजार पुष्कळदा लिहीत नाहीत. तव, रेश, सामेख अशी अक्षरं असतील तर ४००, २०० आणि ६० मिळून ६६०, म्हणजे ५६६०. त्या तीन आकडी संख्येत १२४० मिळवले की इसवी सन येतो, १९००. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा महिना असेल तर १८९९ धरायचं. खाली मराठीत शके असेल तर ७८ मिळवा, आणि इंग्रजी वर्ष पालटल्यानंतरचा पौष, माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९. शके १८२१ आणि हिब्रू ५६६० यांचा मेळ १८९९च्या शरदापासून १९००च्या वसंतापर्यंत बसतो. दोन्ही सालं एकमेकांशी जुळली, तर तुमचं वाचन बरोबर आहे असं निर्धास्त समजा. देवनागरीत १ आणि ९, तसंच ५ आणि ६ यांची गफलत फार होते, तिथे तिन्ही बाजूंच्या उजेडाचे फोटो शेजारी ठेवून पाहा.

नव्या दगडाची इच्छा असेल तर जुना जागेवरच राहू दे. पायथ्याशी वेगळी छोटी पाटी बसवा, जुन्या दगडाला न चिकटवता. त्यावर वाचलेला मजकूर आणि पाटी बसवल्याचं साल दोन्ही घाला, म्हणजे पुढच्या माणसाला कोणतं मूळ आणि कोणतं नंतरचं ते कळेल. शिळा वाकलेली असेल तर ती सरळ करण्यासाठी खणण्याआधी समाजातल्या जाणत्यांना विचारा. दफन झालेली जागा हलवायची नाही, हा तुमच्याकडचा नियम त्यांना ठाऊक असतो. भेटीची खूण म्हणून तुम्ही कबरीवर खडे ठेवता, ते खुशाल ठेवा. मेणबत्ती आणि तेलाचा दिवा मात्र दगडावर नको, जमिनीवर ठेवा. मेण आणि तेल दगडात मुरतं आणि ते काढणं आम्हालाही जड जातं.

प्रश्न : शिवडीच्या सिमेट्रीत आमच्या पणजोबांची संगमरवरी कबर आहे. शिशाची अक्षरं, वर क्रॉस. पांढरा दगड पार काळा पडलाय. एक ठेकेदार म्हणतो, ॲसिड मारून मशीन फिरवू, एका दिवसात नवी करून देतो. द्यावी का?

उत्तर : देऊ नका. कृपा करून देऊ नका.

शिवडीची दफनभूमी १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असताना सुरू झाली. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स तिथेच आहे. दीडशे वर्षांहून जास्त काळ या जागेनं गिरण्यांचा, रेल्वेचा, बंदराचा धूर खाल्लाय. त्या धुरातला गंधक पावसाच्या पाण्याशी मिळून आम्ल होतो आणि संगमरवराच्या पृष्ठभागाचं जिप्सम बनवतो. जिथे पाऊस थेट पडतो तिथे ते धुऊन जातं, दगड पांढरा दिसतो पण झिजत असतो. क्रॉसच्या हाताखाली, नक्षीच्या खोबणीत, जिथे पाऊस पोचत नाही तिथे जिप्सममध्ये काजळी अडकून काळा थर धरतो. म्हणून तुमच्या कबरीवर काळं आणि पांढरं असे पट्टे दिसत असतील. सगळंच सारखं काळं दिसत असेल तर तो बराचसा शेवाळाचा थर आहे, आणि तो तुलनेनं सोपा.

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड पडलं की फेस येतो, तो फेस म्हणजे तुमचा दगडच. कळकट थराबरोबर झिलई जाते, अक्षरांच्या कडा जातात, आणि शिशाची अक्षरं ज्या बारीक भोकांत रुतवलेली असतात ती भोकं सैल होऊन एकेक अक्षर गळतं. शिवाय ॲसिडातले क्षार आत राहतात आणि हवेतला ओलावा ओढत बसतात. मशीननं घासलं की वरची झीज सहन केलेली, सरावलेली त्वचा गेली. उरलेला कोवळा दगड पुढच्या चार पावसाळ्यांत पहिल्यापेक्षा वाईट दिसतो.

तुम्ही स्वतः काय करू शकता? आधी कोरड्या बोटानं एका कोपऱ्यावर हलकेच फिरवून पाहा. हाताला साखरेसारखे कण लागले तर दगडाचे कण एकमेकांपासून सुटलेत. मग पाणीसुद्धा लावू नका, जाणकाराला बोलवा. दगड घट्ट असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत, ऊन चढायच्या आत, मागच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेवर करून पाहा. स्वच्छ गोडं पाणी, मऊ केसांचा ब्रश, बस. आधी सगळा दगड ओला करायचा, मग खालून वर जायचं, म्हणजे घाण पाणी कोरड्या दगडावर ओघळून डाग पडत नाहीत. खोबणीतलं शेवाळ बांबूच्या काडीनं काढायचं. तारेचा ब्रश, भांडी घासायची जाळी, ब्लीच, कपड्यांची पावडर यांतलं काहीही नाही. पाण्यानं निघत नाही ते राहू द्यायचं. काळ्या जिप्समच्या थराखाली मूळ कोरीव काम पुष्कळदा टिकून असतं, तो थर काढायला शिकलेला हात लागतो. आणि हे सगळं करण्याआधी तिथल्या कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. कबर आपली असली तरी आवार सर्वांचं आहे.

प्रश्न : ताजमहालाला मुलतानी मातीचा लेप लावतात असं वाचलं. मग घरच्या संगमरवरी समाधीला का लावू नये? (सोलापूर)

उत्तर : ताजमहालावर हा लेप पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ लावतात. आधी दगडाची अवस्था तपासतात, लेप नेमका किती वेळ ठेवायचा ते ठरवतात आणि शेवटी शुद्ध पाण्यानं तो पूर्ण उतरवतात. माती वाळताना घाण ओढून घेते हे खरं, पण सुटलेले कण आणि शिशाची अक्षरंही ओढून घेते. बाजारातल्या पुडीत गुलाबपाणी, चंदन, रंग असं काय काय असतं. नको.

प्रश्न : सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी जुन्या देवळासारख्या घुमट्यांच्या समाध्या आणि पलीकडे ख्रिश्चनांच्या जुन्या कबरी आहेत, सगळ्या जांभ्याच्या. वरचा चुन्याचा गिलावा पोपडे धरून पडतोय. मंडळातल्या मुलांचं म्हणणं, उरलेला गिलावाही खरवडून जांभा उघडा करू, छान तांबडा दिसेल, मग सिमेंटनं दरजा भरू.

उत्तर : मुलांना माझ्याकडून शाबासकी सांगा, आणि खरवडणं आजच थांबवायला सांगा.

उघडा चिरा डोळ्यांना गोड दिसतो हे मला कळतं, हल्ली हॉटेलंही तशीच बांधतात. पण जांभा हा सच्छिद्र दगड. खाणीतून निघताना मऊ, हवेत घट्ट होणारा, तरी आतून पोकळ्यांनी भरलेला. कोकणातला पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतं म्हणून त्यांनी त्यावर चुन्याचा गिलावा चढवला आणि दर पावसाळ्यानंतर सफेदी केली. तो गिलावा झिजण्यासाठीच असतो. तो झिजतो म्हणून आतला चिरा वाचतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण तुमच्यापासून फार लांब नाही. जुन्या गोव्याचं बॉम जेझू चर्च १६०५ साली पवित्र झालं. आत सेंट फ्रान्सिस झेवियरचं थडगं आहे, फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोजिनीनं घडवलेलं, १६९८ साली इथे उभं राहिलेलं. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं ते दिलं. १९५०च्या दशकात पोर्तुगीज वास्तुकार बाल्ताझार कास्त्रो यांनी दगड उघडा दिसावा म्हणून बाहेरच्या भिंतींचा गिलावा उतरवला. तेव्हापासून तो जांभा पाऊस झेलत खिरतोय. पुन्हा गिलावा करावा असं जतनाचं काम करणारे सांगतात, आणि लोकांना मात्र तांबड्या भिंतीचीच सवय झालीय, म्हणून विरोध होतो. माझं मत विचाराल तर गिलावा हवा. ज्या दगडाला कपड्यांची गरज आहे त्याला कपडे द्यावेत.

सिमेंटनं दरजा भरणं तर त्याहून घातक. सिमेंट जांभ्यापेक्षा कठीण आणि पाण्याला न सोडणारं. आत शिरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग ते चिऱ्यातून पडतं आणि येताना क्षार पृष्ठभागावर आणून दगडाचा भुगा करतं. काही वर्षांनी सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या उभ्या राहतात आणि मधला दगड गेलेला असतो. सांध्यातला माल नेहमी दगडापेक्षा मऊ हवा.

तेव्हा चुना. कळीचा चुना नीट विरवून काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा. एक भाग चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची नको, तिच्यात मीठ असतं. थोडी विटांची सुरखी घातली तर ओल्या जागी माल चांगला धरतो. हिरडा आणि गुळाचं पाणी घालणारे गवंडी अजून आहेत. तुमच्या भागात एखादा म्हातारा गवंडी असेल तर त्याला खुर्ची देऊन बसवा आणि मुलांना त्याच्या हाताखाली काम करू द्या. जुना पोकळ गिलावा बोटांनी ठोकून पाहायचा, बद आवाज येतो तेवढाच काढायचा, घट्ट आहे तो ठेवायचा. पातळ थर, मध्ये पुरेसा वेळ, आणि ओलं गोणपाट निदान दहा-बारा दिवस. काम दिवाळीनंतर घ्या. वर चुन्याचीच सफेदी, प्लॅस्टिक इमल्शन नाही.

प्रश्न : मारुतीच्या देवळापाशी पाच वीरगळ आहेत. ग्रामपंचायत त्यांना ऑइल पेंट देऊन सिमेंटच्या चौथऱ्यात ओळीनं बसवणार आहे. योग्य आहे का? (सातारा जिल्हा)

उत्तर : ओळीनं उभे करायला हरकत नाही, पण आधी प्रत्येक दगड आत्ता कुठे आणि कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते लिहून फोटो काढा. बसवताना खालचा भाग सिमेंटमध्ये पुरू नका. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाशी लढाई आणि पडलेला वीर, मध्ये त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, शेंड्याला कलश. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर समुद्रावरची लढाई गलबतांसकट कोरलेली आहे. चौथऱ्यात वीतभर दगड गेला तर नेमकी लढाईच गाडली जाते. मुरूम आणि खडीच्या ठोकलेल्या थरावर, पाणी वाहून जाईल अशा उतारावर ठेवा, सांधा चुन्यात करा. ऑइल पेंट अजिबात नको. ज्या दगडाला लोक शेंदूर लावतात, पूजा करतात, त्याचा शेंदूर मात्र मी खरवडायला सांगणार नाही. ती श्रद्धा जिवंत आहे, आणि तिच्यामुळेच तो दगड आजवर कुणी पायरीला वापरला नाही.

प्रश्न : कबरीच्या घुमटावर पिंपळ उगवलाय. उपटू का?

उत्तर : बोटाएवढा असेल आणि ओढल्याबरोबर मुळासकट येत असेल तर पावसाळ्यातच काढा. जाड झाला असेल तर ओढू नका, दगड घेऊन येईल. खोड कापत राहायचं आणि मुळं आत मरू द्यायची. कापल्यावर औषध लावावं लागतं ते जाणकाराकडून. मुळं कुजली की पोकळी उरते, तिथे चुन्याचा पातळ माल भरावा लागतो, नाहीतर तीच पाण्याची वाट होते.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना गावातल्या जुन्या युरोपियन दफनभूमीत श्रमदान करायचंय. एका दिवसात काय करता येईल?

उत्तर : खूप काही, आणि दगडाला हात न लावता. आधी जागा कुणाच्या ताब्यात आहे ते पाहा: चर्च, ट्रस्ट, नगरपालिका की पुरातत्त्व विभाग. वास्तू केंद्रानं संरक्षित केलेली असेल तर शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर परवानगी लागते. राज्याच्या यादीत असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला विचारा. परवानगी आली की गवत विळ्यानं कापा, मशीननं नको. दोरीवाली मशीनं शिळेच्या पायथ्याला चरे पाडतात. पालापाचोळा काढा पण जाळू नका, आगीनं दगड तडकतो. पडलेले तुकडे हौसेनं एकत्र रचू नका. तुकडा ज्या कबरीपाशी सापडला तिथेच, मातीपासून उंच, दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवा आणि त्याचा फोटो घ्या. दगडांत गंजलेल्या लोखंडी आकड्या दिसल्या तर त्यांची नोंद करा. लोखंड गंजताना फुगतं आणि दगड फोडतं, हे काम पुढे तज्ज्ञाला स्टेनलेस स्टील वापरून करावं लागेल.

उरलेला दिवस नोंदीला द्या. दोघा-दोघांच्या जोड्या करा, एक वाचेल आणि एक लिहील. आवाराचा हातानं काढलेला नकाशा, त्यावर प्रत्येक कबरीला क्रमांक. मजकूर जसा आहे तसाच उतरवा, चुकीच्या स्पेलिंगसकट. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या, अंदाज नको. दगड कोणता, कुठे तडा आहे, पाणी कुठे साचतं, हे एका ओळीत लिहा. दक्षिण आशियातल्या युरोपियन दफनभूमींच्या नोंदी जपणारी बाक्सा नावाची संस्था ब्रिटनमध्ये आहे, तिचे कागद ब्रिटिश लायब्ररीत ठेवतात, तिला एक प्रत पाठवा. एक प्रत ताबा असलेल्या कार्यालयात, एक कॉलेजच्या ग्रंथालयात. पुढच्या वर्षीची मुलं त्याच नकाशावर त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढतील, तेव्हा कोणता दगड किती हलला ते मोजून सांगता येईल.